बावलीवरचा हमजा

निलावहिनीच्या घोट्यातून निघालेला नारू रोज सकाळी काडीला गुंडाळायचं काम माझ्याकडं होतं. नारू म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, याचा मला फार आनंद होतो. माझ्या नातवंडांनी तो शब्दही ऐकलेला नाही. शिवणाच्या दोऱ्यासारखा लांब, पांढरा किडा माणसाच्या अंगात वर्षभर गुपचूप वाढायचा आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून, आग आग करत बाहेर तोंड काढायचा. तो ओढून चालत नसे. तुटला की पाय मांडीपर्यंत सुजायचा आणि माणूस जन्माचा लंगडा व्हायचा. म्हणून त्याचं टोक बारीक काडीला अडकवून रोज बोटभर, फार तर दोन बोटं गुंडाळायचं आणि वर धोत्र्याच्या पानाचा शेक द्यायचा. वहिनी ओठ दाबून बसायची आणि मी काडी फिरवली की विचारायची, "वन्सं, आज किती सूत निघालं?" मी हसायची नाही. काडी माझ्या हातात होती आणि पाय तिचा होता.

आम्ही कळंबचे. आप्पांचं बाजारात भुसाराचं दुकान होतं आणि ज्वारीच्या पोत्यांचा वास त्यांच्याबरोबर घरी यायचा. अव्वा, म्हणजे आमची आई, उमरग्याकडची. बोलायची आमच्यासारखंच, पण राग आला की कानडीत शिरायची, आणि मग घरातली माणसं आपापल्या कामाला लागायची. सोमवारी आमच्याकडं एकदाच जेवण असे. एरवी भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. ती चटणी वहिनी उखळात कुटायला बसली की वास चार घरं पलीकडं जायचा. वहिनीचं वय तेव्हा एकोणीस असेल. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. माझ्या दादाशी लग्न होऊन तीन उन्हाळे झाले होते आणि तिन्ही उन्हाळ्यांत तिला नारू निघाला होता. पहिल्या वर्षी डाव्या पायाला, मग गुडघ्याला, आता उजव्या घोट्याला. दोन-दोन महिने ती अंगणातून चुलीपर्यंत बसून सरकत जायची, आणि तशीही भाकऱ्या करायची.

त्या उन्हाळ्यात येरमाळ्याची आत्या आली. ओसरीवर बसून तिनं गार ताक प्यायलं आणि दादाकडं बघत, वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आप्पांना म्हणाली, "दरसाल सुनंचे दोन महिने जमिनीवर. पोरगं अजून तरणं हाय. दुसरी बघा की." आप्पा पान लावत बसले. दादा तर भिंतीकडंच बघत राहिला. त्याचा मला इतका संताप आला की मी सांडशी आपटली. वहिनीनं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी काडी फिरवताना ती सुताचं विचारायला विसरली.

अव्वाला मात्र ते वाक्य झोंबलं. ती दुसऱ्या सकाळी उठली ती थेट सरकारी दवाखान्यात गेली, मला बरोबर घेऊन. तिथले डॉक्टर नवे, तरणे होते. बाईमाणूस औषध मागायला येतं ते ठीक, पण ही बाई कारण विचारायला आली होती, त्यामुळं ते आधी गोंधळले आणि मग खूष झाले. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" अव्वा म्हणाली, "बारवंचं." आमच्या गल्लीच्या तोंडाशी पायऱ्यांची मोठी बारव होती. सगळी गल्ली त्या पायऱ्या उतरायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून घागरी बुडवायची. ज्याच्या पायाला नारूची आग व्हायची तो तर मुद्दाम पाण्यात पाय सोडून बसायचा, कारण तेवढाच गारवा. डॉक्टर म्हणाले, पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो. ते पाणी जो पितो त्याच्या अंगातून वर्षानं नवा नारू निघतो. अव्वा म्हणाली, "म्हंजी आमच्या पायातलं आमीच पितो व्हय?" डॉक्टर म्हणाले, "फडकं दुहेरी करून पाणी गाळून प्या. आणि जमलं तर त्या पायऱ्या बुजवा. पाणी वरून शेंदा. पाय पाण्याला लागताच कामा नये."

परत येताना अव्वा इतकी झपझप चालत होती की मला पळावं लागत होतं.

आता सांगायला सोपं वाटतं, पण त्या दिवसांत चार माणसं एका जागी बसली की सरकारला त्यात काहीतरी दिसायचं. सभा म्हटलं की परवानगी, परवानगी म्हटलं की चौकशी. गल्लीतल्या पुरुषांनी अव्वाचं ऐकून घेतलं आणि उद्या बघू म्हणत पानाला चुना लावला. आप्पाही त्यातलेच. मग अव्वानं वाकळ काढली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. ती मोठी असली की चारी बाजूंनी बायका बसून शिवतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या अंगणात वाकळ पसरली गेली आणि गल्लीतल्या बायका सुया घेऊन आल्या. शेतकरीण काशीबाई, जिचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जायचा. शेजारच्या शरीफाबी, ज्यांचे यजमान करीमचाचा गवंडी होते. आणखी सात-आठ जणी. रस्त्यानं जाणारा पोलीस डोकावला तरी त्याला बायका, सुया आणि चिंध्या एवढंच दिसायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत वाकळा इतक्या झाल्या की पुढच्या थंडीत पाहुण्यांना दोन-दोन मिळाल्या.

हल्ली माझ्या नातसुनेच्या सोसायटीचा मोबाईलवर ग्रुप आहे. ती मला मजा म्हणून वाचून दाखवते. लिफ्टवरून भांडण, गाडी लावण्यावरून भांडण, मध्येच सुप्रभात. मी तिला म्हणते, तुमच्या हातात सुया द्यायला हव्यात. सुई हातात असली की माणूस बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, निदान आमच्या अंगणात तरी तसं होतं. पहिल्याच बैठकीत ठरलं की प्रत्येक घरानं पाणी गाळायचं. ज्या घरी फडकं नसेल त्या घरी शेजारणीनं द्यायचं. ते दोन दिवसांत झालं. पायऱ्या बुजवायचं मात्र अडलं. बारव सरकारी. एक दगड इकडचा तिकडं करायचा तरी तहसिलीत दरखास्त, म्हणजे अर्ज, द्यायला हवी, आणि तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चालायचा म्हणून दरखास्त उर्दूतच हवी.

तेव्हा मी म्हणाले, "मी लिहिते."

सगळ्या सुया थांबल्या. खरं सांगायचं तर मला उर्दू कुणी शिकवलं नव्हतं. दादाला शिकवायला मास्तर घरी यायचे आणि मी दाराआड बसून ज्वारी निवडायची. दादाला जे महिन्यात येत नसे ते मला आठवड्यात यायचं. पुढं दुकानात सरकारी कागद आला की आप्पा गुपचूप मला वाचायला द्यायचे. पण लिहिणं, तेही सरकारला, म्हणजे केवढं काम! अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की माझी मान एकदम ताठ झाली. आजही ते आठवलं की ताठ होते.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. मास्तरांच्या पुस्तकातले जडजड शब्द आठवून आठवून घातले. शरीफाबींना कुराण वाचता येई, उर्दू लिहिता येत नसे. म्हणून मी त्यांना वाचून दाखवत होते. विहिरीला आमच्याकडचे मुसलमान बावडी म्हणत. पुस्तकात मात्र बावली होतं. शरीफाबी म्हणाल्या, "बेटी, बावडी लिख. सब समझते." मला ते बाजारी वाटलं. मी म्हणाले, "खाला, कचेरीत असं चालत नाही." नारूला उर्दूत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारणं कमीपणाचं वाटलं, म्हणून मी तो शब्दच टाळला. शेवटी झालेली दरखास्त मला अजून पाठ आहे. आमच्या मोहल्ल्याच्या बावलीनं आमच्या कित्येक माणसांना लंगडं केलं आहे, बायका आणि लेकरं तिच्याजवळ जायला भितात, तरी सरकारनं तिला ताबडतोब बंद करावं. खाली सगळ्या बायकांचे अंगठे. दादानं कागद तहसिलीत नेऊन दिला. भिंतीकडं बघत बसल्याची भरपाई म्हणून असेल, त्यानं तो धुतल्या टोपीत ठेवून नेला.

आठवड्यानं भर दुपारी गल्लीत बैलगाडी आली. पुढं तहसिलीतले पेशकार, म्हणजे साहेबांना कागद वाचून दाखवणारे कारकून, उतारवयाचे, चष्मा नाकावर घसरलेला. मागं कचेरीचा एक धिप्पाड जवान, खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं. आम्ही वाकळीवरून उठलो. सरकार माझ्या कागदावर चालत आलं होतं!

"बावली किधर है?" पेशकारांनी विचारलं.

बावली म्हणजे बारव हे मी अव्वाला पढवून ठेवलेलं. ती पुढं झाली. "हाय की. चला, दाखिवते."

पेशकार मराठी चांगलं बोलत. त्यांनी जवानाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, बांधलेली आहे ना?"

"बांधलेलीच हाय. सगळी दगडात."

"दगडात?" पेशकारांचा चष्मा आणखी खाली आला. "आणि तरी लोक जवळ जातात?"

"न जाऊन कसं चालंल साहेब? सकाळ-संध्याकाळ जावंच लागतं," काशीबाई म्हणाली.

"कुणी सांभाळत नाही तिला?"

"गाळ काढत होते पूर्वी. आता कोण बघतंय."

जवानानं खांद्यावरचा दोर हातात घेतला. पेशकार थोडे मागं सरकले. "उमर किती असेल?"

"लई जुनी," अव्वा म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या आज्ज्यानं बघितली तवा बी अशीच हुती. दोनशे वर्षं तरी व्हतील."

पेशकार थांबले. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. मग अव्वानं बोट दाखवलं तिकडं, बारवेच्या दरवाजाकडं बघितलं. पुन्हा कागदाकडं. मी त्यांच्या कोपराशी होते. त्यांचं बोट ज्या शब्दावर होतं तो शब्द मी वाचला आणि माझी चूक मला दिसली. बावली लिहिताना त्यावर एक छोटी खूण लागते, हमजा म्हणतात तिला. ती असली की विहीर. ती नसली की वेडी बाई. ती खूण मी दिलीच नव्हती. सरकार दोर आणि गाडी घेऊन आलं होतं ते लोकांचे पाय मोडणाऱ्या एका वेड्या बाईला धरून न्यायला.

"कुणी लिहिलं हे?" पेशकारांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण त्यामुळंच भीती वाटली. सरकारची थट्टा केली म्हणून आता आप्पांना कचेरीत बोलावणार, पायऱ्या तशाच राहणार, पुढच्या उन्हाळ्यात वहिनी पुन्हा जमिनीवर, आणि आत्या पुन्हा ओसरीवर. हे सगळं एका खुणेपायी, माझ्या तोऱ्यापायी. मी म्हणाले, "मी लिहिलं. हमजा राहिला." आणि मग मला रडू आलं.

कुणी काही बोलायच्या आत जवान बारवेच्या पायऱ्या उतरू लागला. ऊन होतं, त्याला तहान लागली असणार. दोन पायऱ्या उतरला असेल तोच आमच्या दारातून निलावहिनी ओरडली. ती उंबऱ्यापर्यंत सरकत आली होती. "भाऊ, पाय घालू नका. पिऊ नका ते." तिनं पातळ वर करून घोटा दाखवला, काडीसकट. परक्या पुरुषांसमोर. मला अजून पटत नाही की ती आमची वहिनी होती.

जवान तिथंच थबकला. मग त्यानं खाली वाकून आपल्या विजारीचा पाय वर सारला. पोटरीवर तीन जुने वण होते, चांगले रुपयाएवढे. तो पेशकारांना म्हणाला, "साब, ये तो नारू की बावडी है. मेरे गांव में भी ऐसीच है."

पेशकार आमच्या अंगणातल्या वाकळीच्या कडेला बसले. दोन्ही कागद मांडीवर पसरले, माझी दरखास्त आणि तहसीलदार साहेबांचा हुकूम. मग स्वतःशीच हसायला लागले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "साहेबांना वाचून सांगितलं मी. हुकूम लिहिला मी. साहेबांनी नुसती सही केली. आता रिकामी गाडी घेऊन गेलो तर कचेरी मला पेन्शन होईपर्यंत हसेल." मग हुकूम वाचून दाखवला. मोहल्ल्याच्या बावलीला आजच्या आज बंद करण्यात यावं आणि तामील, म्हणजे हुकमाचं काम पुरं, झाल्याचं संध्याकाळपर्यंत कळवावं. खाली सही, शिक्का. "बंद करायचा हुकूम आहे की नाही?"

"हाय," अव्वा म्हणाली.

"मग करा बंद. पायऱ्या बंद, तोंड उघडं. पण आज. सूर्य मावळायच्या आत मला तामील लिहायची आहे." त्यांनी खिशातला टाक आणि दौत काढली आणि माझ्यासमोर धरली. "बेटी, तुझ्या कागदावरचा हमजा तू टाक. माझ्या कागदावरचा मी टाकतो." मी खूण केली. इतकी मोठी झाली की ती आंधळ्यालाही दिसावी.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. काशीबाईनं वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक दिली. करीमचाचांना शरीफाबींनी दुसऱ्याच्या कामावरून उठवून आणलं. त्यांनी बारवेचा दरवाजा बघितला, दोन माणसं जोडीनं उतरतील एवढा, आणि म्हणाले, "आज गारे में उठाता, चूना बाद में." मग दगड. घराघरातून दगड. फुटलेला पाटा, कुणाच्या न्हाणीची फरशी, कुंपणाचे धोंडे. बायकांची रांग लागली आणि दगड हातातून हातात जायला लागले. वेड्या बाईसाठी आलेल्या गाडीनं ओढ्यातून मातीच्या सात खेपा केल्या. पेशकार सावलीत बसून वेळ सांगत होते आणि गारा, म्हणजे दगड बसवायचा चिखल, पातळ झाला की ओरडत होते. जवानानं अंगरखा काढून ठेवला तो शेवटपर्यंत घातला नाही. पानाला चुना लावणारे पुरुष आधी बघायला आले, मग लाजेनं, मग आवडीनं कामाला लागले. आप्पा दुकान बंद करून आले. भर बाजाराच्या दिवशी! दादा दरवाजाच्या बरोबर मध्ये उभा राहून दगड लावत होता आणि मधूनच उंबऱ्यावर बसलेल्या वहिनीकडं बघत होता. वहिनी बसल्या जागी गाऱ्यात घालायचं भुसकट चाळत होती.

उन्हं कलली तेव्हा भिंत छातीपर्यंत आली होती. काशीबाईच्या शेतातलं मोटेचं चाक पलीकडच्या बाजूला दोन लाकडांवर बसलं. दोर शोधायला लागलो तर जवानानं आपलं वेटोळं पुढं केलं. पेशकार म्हणाले, "सरकारी आहे तो." आणि मान दुसरीकडं वळवली. पहिली घागर वर आली, कुणाचाही पाय न भिजता, आणि बायकांनी काय कल्ला केला!

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली चंद्रभागा त्या दिवशी सगळ्यांत जड दगड वाहत होती. त्या वस्तीला आमची बारव शिवायची मोकळीक नव्हती. बायका बाहेर घागर ठेवून, कुणी ओतेल म्हणून थांबायच्या. चाक फिरायला लागल्यावर तिनं अव्वाला विचारलं, "आता दोराला आमचा हात लागला तर चालंल का, अव्वा?" कानडीत आणि मराठीत कधी न अडलेली माझी आई त्या वेळी काही बोलली नाही. आम्हीही नाही. घागर तिला भरून दिली, पण दोर दिला नाही. ते व्हायला आणखी काही वर्षं आणि दुसऱ्यांची हिंमत लागली. त्या दिवसाचा आनंद मी कुणालाही सांगताना हे सांगते. ते वगळलं तर मी खोटं बोलले असं होईल.

पुढं राज्य बदलताना गावात वाईट दिवस आले. त्यात करीमचाचा आणि शरीफाबी एका पहाटे गेले ते परत दिसले नाहीत. त्यांनी बांधलेली भिंत मात्र मी तीस वर्षांनी गेले तेव्हाही उभी होती. मी तिला हात लावून आले.

पण भिंत बांधली म्हणून नारू लगेच गेला नाही. आधी प्यालेलं पाणी अंगात होतंच. पुढच्या उन्हाळ्यात चार घरांत नारू निघाला, आणि आत्या म्हणाली, "बघा, भिंतीनं काय झालं?" वहिनी त्या उन्हाळ्यात रोज सकाळी पाय उजेडात धरून बघायची. घोटा, पोटरी, गुडघा, पुन्हा घोटा. चैत्र गेला, वैशाख गेला. एके दिवशी तिच्या टाचेला काटा लागला तर तिनं माझ्याकडं काडी मागितली. काटाच होता. ज्येष्ठात दादानं तिला बजावलं, "आता बघू नको," आणि तरी त्यानंच रोज दिवा धरून बघितलं.

मग पंचमी आली. गल्लीतल्या बायका नव्या बांगड्या भरून आमच्या अंगणात जमल्या, झोका बांधला, गाणी झाली, फुगड्या सुरू झाल्या. वहिनी ओसरीवर बसून टाळ्या देत होती. लग्नापासून पंचमीला ती तिथंच बसायची, पायाला चिंधी बांधून. मी तिच्यासमोर जाऊन हात पुढं केले. तिनं आपल्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उठली. आम्ही हातात हात अडकवले, पाय जोडले आणि फिरायला लागलो. आधी हळू, मग वेगानं. तिचा पदर सुटला, अंबाडा सुटला, तिच्या मागं झोका, भिंत, बायका सगळं एकात एक मिसळून फिरायला लागलं. काशीबाई ओरडत होती, अव्वा हसत होती. मला गरगरायला लागलं, दम लागला. मी म्हणाले, "वहिनी, पुरे."

ती म्हणाली, "न्हाय वन्सं, अजून," आणि माझे हात आणखी घट्ट धरले.